दादाची पाठ

अकरा वर्षं मी दादाचं तोंड बघितलेलं नव्हतं. पाठ मात्र रोज बघत होतो. डोंगरावरच्या जुन्या देवळात आम्ही दोघे भाऊ डोलीतून माणसं न्यायचो. तो पुढे, मी मागे, मधल्या खुर्चीत ज्याला चढवत नाही असं कोणीतरी. सहाशे बारा पायऱ्या. आमच्यात बोलणं तीनच शब्दांचं, "पायरी", "वळण", "ओलं", आणि तेही तोच बोलायचा. मागच्याला खुर्चीआडून काही दिसत नाही, म्हणून पुढच्यानं सांगायचं. चुली वेगळ्या झाल्या, पण डोली वाहायचा देवस्थानाचा बिल्ला जोडी असेल तरच मिळतो, त्यामुळे जोडी मोडता आली नाही. नाहीतर कधीच मोडली असती.

कारण आई. जन्म पायथ्याशी गेला तिचा, आणि शेवटी एकदा वर जायचं होतं. गुडघे कामातून गेलेले. मी म्हटलं, उद्या नेऊ. दादा म्हणाला, "डोलीवाल्यानं घरचं माणूस डोलीत बसवायचं नाही. रीत आहे." आता रीत आहे, हे खरंच. घंटा वाजवल्याशिवाय कमानीतून आत जायचं नाही, देवळातून निघताना देवाला पाठ दाखवायची नाही, तशीच हीही, बापाच्या आधीपासूनची. पण आई हात जोडून समोर बसली होती हो! आणि हा दगड भिंतीकडे बघत राहिला. महिन्याभरात आई गेली. तिला पोहोचवून आलो, "तुझी रीत घाल चुलीत" म्हटलं, आणि तोंड मिटलं ते मिटलं.

परवा एक म्हातारी होती खुर्चीत. आठव्या वळणाआधी देवस्थानानं दोन नव्या पायऱ्या बसवल्यात, पांढऱ्याफेक, आंधळ्यालाही दिसाव्यात अशा. दादा "वळण" म्हणाला आणि सपाट जागा समजून त्यानं पाऊल टाकलं. सरळ तोंडावर आपटला. खुर्ची कलली, म्हातारी किंचाळली. मी गुडघा टेकून दांडा खांद्यावर धरला म्हणून वाचली बिचारी. तिच्या मुलानं आमचं सगळं खानदान उद्धारलं. आणि मला तिथेच उमगलं. हा पायऱ्या बघून सांगत नव्हता, मोजून सांगत होता.

वर मुकादमानं विचारलं, "काय झालं?"

दादा मान खाली घालून उभा. तीस वर्षांत त्यानं दुसरं काही केलेलं नाही. बिल्ला गेला की संपलाच. "पाय घसरला" म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मला आईचे जोडलेले हात दिसले.

"याला दिसत नाही," मी म्हटलं. "बिल्ला काढून घ्या."

काढून घेतला. माझाही घेतला, जोडीच राहिली नाही ना.

रिकामी डोली खाली आणायची होती. यावेळी मी पुढे झालो. दहा-पंधरा पायऱ्या उतरलो असू, तेवढ्यात मागून दादा बोलला.

"तेव्हाच कमी दिसायला लागलं होतं. आईला घेऊन पायरी चुकली असती तर?"

माझं डोकंच फिरलं. "आणि अकरा वर्षं दुसऱ्यांच्या आया नेल्यास, त्या काय रस्त्यावर पडल्या होत्या? मला सांगायला काय जीभ झडली होती तुझी?"

"बिल्ला गेला असता."

"गेला असता! मूर्खा, मी पुढे झालो असतो!"

बोलून गेलो आणि पाय जागच्या जागी थांबले. मागच्याला दिसावं लागतच नाही. मी अकरा वर्षं काही न दिसता मागेच चाललो होतो. नुसती जागा बदलली असती तर आई वर गेली असती. आणि घटकाभरापूर्वी मुकादमासमोर मला हे सुचलं असतं, तर बिल्लेही राहिले असते.

"थांबलास का?" दादानं विचारलं.

"पायरी," मी ओरडलो.

तो मागून नीट चालत होता. खालपर्यंत एकही पायरी चुकला नाही.