समोरच्या दुकानात बाकडं नाही

मोबाईलच्या दुकानात दोन गोष्टी साचतात, जुने चार्जर आणि किस्से. चार्जर वर्षातून एकदा भंगारवाला पोत्यात भरून नेतो. किस्से कोण नेणार? ते माझ्याकडेच पडून राहतात, आणि तुमच्यासारखं कोणी बाकड्यावर येऊन टेकलं की एकेक बाहेर निघतात.

हल्लीचे सगळे किस्से समोरच्या दुकानाचे. ज्या कंपनीचे फोन मी महाडच्या बाजारात बारा वर्षं विकले, त्याच कंपनीने माझ्या समोर स्वतःचं दुकान काढलं. काचेचं, एसीचं, रस्त्यापर्यंत लाईट फेकणारं. पनवेलपासून खाली एकेका गावात अशीच दुकानं काढत आले आणि महाडात जागा मिळाली ती नेमकी माझ्या नाकासमोर. मला जळायला होतं का विचारता? होतं. सकाळी शटर वर करतो तेव्हापासून होतं.

*

सुरुवात माझ्याच हाताने झाली. निखिल म्हणून कंपनीचा एक पुण्याचा मुलगा आला होता, हातात टॅब. "सर, थोडी माहिती हवी होती." मी म्हटलं, बस. तो तीन दिवस माझ्या बाकड्यावर बसला. सहा चहा झाले, दोनदा वडापाव झाला.

मी त्याला सगळं सांगितलं. पाचाडची माणसं कधी येतात, पोलादपूरकडची कोणत्या गाडीने उतरतात, परतीची गाडी किती वाजता. तो म्हणाला, "पण सर, लोक आधी तुमच्याकडेच का येतात?" मी बाकड्याखाली बोट दाखवलं. तिथे पिशव्या होत्या. आमच्याकडे वरच्या वाड्यांतलं माणूस महाडला आलं की त्याला कोर्ट, बँक, दवाखाना, किराणा सगळं एका दिवसात उरकायचं असतं. पिशवी कुठे नाचवणार? मग ती माझ्याकडे. "दिनू, पिशवी ठेवतो रे, आलोच." पिशवी न्यायला परत येणारच, आणि आलं की चार्जर तरी घेणारच. निखिलने ते सगळं टॅबमध्ये लिहून घेतलं.

घरी आल्यावर मी बायकोला म्हटलं, "वैशाली, एक चांगला शर्ट शिवायला टाकतो. कंपनी इथे दुकान काढतेय आणि ते मलाच देणार."

"असं तो म्हणाला?"

"म्हणाला नाही. पण चहा पिताना माझ्याकडे बघत होता."

शर्ट शिवून आला त्याच दिवशी समोर कंपनीचा बोर्ड लागला.

*

आतलं फर्निचर करायला बाहेरची माणसं आली. त्यांच्याकडे कंपनीचं ड्रॉइंग होतं. सगळ्या दुकानांना एकच ड्रॉइंग, टेबलं तेवढीच, दिवे तेवढेच, आणि प्लग जमिनीपासून एक वीतभर वर.

आता महाडात पोराटोरालाही विचारा. आमच्या बाजारात प्लग डोक्याच्या उंचीला असतात. सावित्री नदी पावसाळ्यात कधी घरी येईल सांगता येत नाही, आणि येते तेव्हा दार वाजवत नाही. इथला एक सुतार त्यांच्याकडे रोजावर होता, त्याने सुपरवायझरला सांगून बघितलं. सुपरवायझर म्हणाला, "ड्रॉइंगमध्ये जसं आहे तसंच होणार." सुतार चहाला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दिनूशेठ, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

मधे रस्ता सात पावलांचा. मी गेलो नाही. म्हटलं, मला कोणी विचारलंय का? येऊ दे जुलै.

*

त्यात सुप्रिया सोडून गेली. पाचाडची मुलगी, चार वर्षं माझ्या काउंटरला होती. फोन उघडायला, ग्राहक सांभाळायला, सगळं माझ्याकडे शिकली. पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, तिकडे मॅनेजर म्हणून घेतलंय."

मी पेढा घेतला.

"माझ्या जागी कोणाला ठेवणार?"

"मीच बसेन तुझ्या जागी. माझ्या जागी कोणी नसलं तरी चालतं."

कंपनीचा नियम असा की दारातून कोणीही आलं तरी एक ठरलेलं वाक्य म्हणायचं. वर कॅमेरा, त्यामुळे सुटका नाही. पहिल्याच आठवड्यात पाचाडहून तिचे वडील आले. दार ढकलून आत शिरले तशी सुप्रिया ताठ उभी राहिली. "नमस्कार सर, आपलं स्वागत आहे. आज आपल्याला काय अनुभवायला आवडेल?"

वडिलांनी मागे वळून बघितलं, आपल्यामागून कोण साहेब आलाय की काय. मग म्हणाले, "अगो, डबा इसरलीस."

मी रस्त्याच्या अलीकडून बघून पोट धरून हसलो. पण डबा देऊन माणूस बाहेर येईना. एसीत खुर्ची मिळाली होती, तास झाला तरी आतच. एरवी पाचाडहून आले की हे गृहस्थ माझ्या बाकड्यावर बसायचे. माझं हसू तिथेच आटलं.

*

एकदा मी आत जाऊन आलो. कोणी ओळखू नये म्हणून टोपी घातली, मास्क लावला, बायकोचा गॉगल चढवला. दार ढकललं.

सुप्रिया म्हणाली, "नमस्कार सर, आपलं स्वागत आहे. दादा, गॉगल काढा, पडाल."

*

आता ठकूबाईचं सांगतो. पोलादपूरच्या वर, कशेडीच्या अंगाला एक वाडी आहे, तिथली ही म्हातारी. दोन म्हशी, थोडी नाचणी, मुलगे मुंबईला. महिन्यातून एकदा महाडला येते, आणि बारा वर्षांत तिची पिशवी माझ्या बाकड्याखालीच राहिली आहे. पिशवीत कधी कढीपत्ता, कधी अंडी, कधी जिवंत कोंबडी. एकदा कोंबडीने माझ्या बिलबुकावर अंडं घातलं. ते ठकूबाईने मलाच दिलं, म्हणाली, "तुझ्या दुकानात झालं, तुझाच हक्क."

तर ती आली, म्हणाली, "दिनू, पिशवी ठेवते रे, आलेच." मी म्हटलं, ठेव. तासाभराने आली तर हातात समोरच्या दुकानाचं खोकं. नवीन फोन.

मला काय वाटलं ते तुम्हाला सांगून कळणार नाही. पाणी पिऊन आलो.

"तिथून घेतलास?"

"तर काय. गार हवा हाय, पोरगी ग्वाड बोलते. पण त्या पोरीला शिमकार्ड नको म्हटलं घालायला. तू घाल."

"का? ती घालते की. माझ्याकडेच शिकली आहे."

"असंल. पण मुलांचे नंबर त्यात हायत. हारवले तर?"

मी सिमकार्ड घातलं. मुलांचे नंबर आहेत का बघितले, एकेकाला फोन लावून दिला. मोठा मुलगा मुंबईहून म्हणाला, "दिनूशेठ, चांगला फोन दिलात." मी हो म्हटलं. काय सांगणार?

त्या दिवसापासून मी बघायला लागलो. माणसं माझ्याकडे पिशव्या ठेवून समोर फोन घ्यायला जात होती. एका दुपारी बाकड्याखाली सात पिशव्या, एक फणस आणि काउंटरवर मी एकटा. वैशाली डबा घेऊन आली, तिने एकदा पिशव्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "आपण नक्की काय विकतो?" म्हणाली.

*

मग आला जुलै. दुपारी नगरपालिकेची गाडी भोंगा लावून गेली, नदी वाढतेय, सामान वर घ्या. आमच्या बाजारात याला कोणी घाबरत नाही, हात आपोआप चालतात. अर्ध्या तासात माझा सगळा माल माळ्यावर. मग मी हाताची घडी घालून दारात उभा राहिलो. या दिवसाची मी चार महिने वाट बघत होतो.

समोर सुप्रिया फोनवर होती. कंपनीचा माल हलवायचा तर मंजुरी लागते. कॉम्प्युटरवर अर्ज, अर्जात कारण निवडायचं. आग, चोरी, दुरुस्ती. पाणी नाहीच त्यात. हेड ऑफिसचा माणूस सांगत होता, "मॅडम, तुम्ही 'दुरुस्ती' टाका, उद्यापर्यंत होईल." पाणी तोवर चवदार तळ्याच्या बाजूने वळून गल्लीच्या तोंडाशी आलं होतं.

तिने फोन ठेवला, दोन्ही हातांत खोकी घेतली आणि सात पावलं चालून माझ्या दारात आली.

"दादा, माळा."

मी चार महिने एक वाक्य घोटून ठेवलं होतं. "का गो, ड्रॉइंगमध्ये माळा नाही का?"

"दादा, नंतर बोला. आधी धरा."

धरलं. काय करणार, मुलगी माझ्याच हाताखालची, भिजलेली, आणि नोकरी जायची पाळी. मी शिडीवर, ती खाली, मधे वैशाली. समोरचं अख्खं दुकान माझ्या माळ्यावर चढवलं. पाणी दोन्हीकडे गुडघ्यापर्यंत आलं. त्यांचे सगळे प्लग पाण्याखाली गेले आणि माझा दिवा काही विझला नाही.

दुसऱ्या दिवशी निखिलचा व्हिडिओ कॉल. सुप्रियाने त्याला माळा दाखवला. कंपनीचे चकचकीत फोन ओळीने चार्जिंगला, बाजूला माझे नारळ, सुतळी आणि कोणाची तरी राहिलेली पिशवी.

"सर, तुमचे प्लग एवढे वर का आहेत?"

"पाणी खाली असतं म्हणून," मी म्हटलं.

त्याने फोटो काढून घेतला. घरी जाऊन मी वैशालीला म्हटलं, "आता मात्र कंपनी मला विचारणार. पोलादपूरला दुकान काढतायत, सुप्रियाने सांगितलं."

"शर्ट आहे तसाच घडीत," वैशाली म्हणाली.

*

विचारलं नाही कोणी. पोलादपूरचं दुकान दिवाळीनंतर उघडलं. मला तेव्हा खरी भीती वाटली. महाडचं दुकान समोर होतं तरी माणसं निदान पिशवी ठेवायला माझ्याकडे येत होती. पोलादपूरलाच सगळं मिळालं तर वरच्या वाड्यांतलं माणूस महाडला येईल कशाला?

वैशालीला कोर्टात काम आहे सांगितलं आणि एसटीने पोलादपूरला गेलो. शर्ट घातला होता. तिने तो बघितला आणि कोर्टाबद्दल काही विचारलं नाही.

दार ढकललं. प्लग डोक्याच्या उंचीला. वर माळा. आणि भिंतीला लागून एक बाकडं. लाकडी, पाठ असलेलं, थेट माझ्यासारखं, फक्त याचे चारही पाय सारखे होते, माझ्या बाकड्याच्या एका पायाखाली वीट आहे. बाकड्याखाली पिशव्यांसाठी कप्पे, कप्प्यांना नंबर. वर पाटी, "निवांत बसा, पिशवी ठेवा."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बारा वर्षांची माझी अक्कल त्यांनी पॉलिश करून भिंतीला लावली होती. डुगडुगतं का बघायला मी त्याच बाकड्यावर बसलो. निखिल पलीकडे टॅब घेऊन उभा होता, त्याने लांबून हात केला. मी मान हलवली.

तेवढ्यात दार उघडलं आणि ठकूबाई आत आली. नातीला फोन घ्यायचा होता. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "नमस्कार आजी, पिशवी इथे कप्प्यात ठेवा, हा तुमचा नंबर."

ठकूबाईने वाकून कप्पा बघितला. "हितं लक्ष कोण ठेवतो?"

"आजी, कॅमेरा आहे ना वर."

तिने वर कॅमेऱ्याकडे बघितलं, मग बाकड्याकडे, आणि मी दिसलो.

"दिनू! बरं झालं बाबा, तू हायस. पिशवी ठेवते रे, आलेच." आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवून आधी बँकेत गेली. आत कोंबडी होती, ऊब लागत होती मांडीला.

तिच्यामागून एक जोडपं आलं, वरच्याच वाडीतलं. त्यांनी कप्प्यांकडे बघितलंही नाही, दोन पिशव्या माझ्या पायाशी ठेवल्या. मग एक म्हातारा, त्याची छत्री. अर्ध्या तासात माझी महाडची गाडी गेली आणि सगळे कप्पे रिकामे होते.

निखिल हळूच माझ्या शेजारी येऊन बसला. पिशव्या मोजल्या. मग टॅब बंद केला आणि म्हणाला, "सर, तुम्ही इथे रोज बसाल का?"

"ठकूबाई येईपर्यंत तर बसायलाच लागेल," मी म्हटलं.