सोमवारी तीन ते पाच

कादर मोमीन यांना एका जागी बसवायचं असेल तर त्यांच्या मांडीवर एखादं फाटकं पुस्तक ठेवावं लागतं. एरवी या माणसाच्या पायाला भिंगरी. वय सदुसष्ट, गुडघे कुरकुरतात, तरी चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, आणि मशिदीच्या पायरीवरच्या गप्पा त्याही उभ्यानंच. त्यांची बायको बिलकिस सांगते की निकाहाच्या वेळी काझीसमोर तेवढे हे दहा मिनिटं बसले होते, तेही सासरे शेजारी होते म्हणून.

स्वारगेटच्या मागच्या गल्लीत त्यांचं बाइंडिंगचं दुकान आहे. वकिलांची बाडं, कॉलेजातल्या पोरांचे प्रबंध, दुकानदारांच्या वह्या आणि पूर्वी सरकारी कचेऱ्यांची रजिस्टरं. सुई-दोरा, पुठ्ठा, कापड आणि मोरचूद घातलेली खळ, म्हणजे कीड लागत नाही. त्यांच्या उस्तादांनी धंद्याचा एकच नियम शिकवला होता: वाचणारा बाइंडर उपाशी मरतो. बाइंडरनं पान बघायचं, पानावरचं नाही. पन्नास वर्षं कादरभाईंनी हा नियम पाळला. शेकडो मणांचं लिखाण त्यांच्या हाताखालून गेलं आणि त्यातली एक ओळ त्यांच्या डोक्यात शिरली नाही.

दुकानाच्या समोर फूटपाथवर वेणूबाई बसायच्या. वाशीमकडच्या. नवऱ्याबरोबर, बद्रीनाथबरोबर, पुण्यात आल्या. नवरा गेला, त्या राहिल्या. पहाटे मार्केट यार्डातून लिंबं, मिरच्या, कोथिंबीर आणायची, दिवसभर विकायची आणि संध्याकाळी पोती कादरभाईंच्या दुकानात ठेवून घरी जायचं. बावीस वर्षं हा शिरस्ता. त्याबद्दल कादरभाईंना रोज दोन लिंबं मिळत आणि ती आंबट असल्याची तक्रार ते रोज करत.

गेल्या वर्षी रस्त्याचं काम निघालं आणि पथारीवाले उठवले गेले. वेणूबाई टोपली घेऊन दारोदार फिरू लागल्या, पोती मात्र कादरभाईंकडेच. त्यांच्यासाठी नवी मंडई बांधली होती, पण ओटा कोणाला? पंधरा-सोळा वर्षांपूर्वी महापालिकेच्या कचेरीनं फूटपाथवर बसणाऱ्यांची पाहणी केली होती, त्या नोंदवहीत ज्याचं नाव त्याला. वेणूबाई निर्धास्त होत्या. पाहणीच्या दिवशी मिळालेली चिठ्ठी त्यांनी डब्यात जपून ठेवली होती. क्रमांक तीनशे एक्कावन्न. कचेरीत गेल्या तर खिडकीतून सांगण्यात आलं, तीनशे अठ्ठेचाळीसनंतर एकदम तीनशे त्रेपन्न आहे, तुमचं नाव नाही. ऑक्टोबरअखेर यादी बंद होणार होती. ओटा नाही तर बसायला जागा नाही, आणि जागा नाही तर चूल नाही, इतका साधा हिशेब होता.

वेणूबाई दुकानात येऊन गप्प उभ्या राहिल्या. एरवी ही बाई पोलिसाच्या गाडीलाही गप्प होत नसे. कादरभाईंना ते बघवलं नाही. ती नोंदवही कोणती हे ऐकल्यावर तर ते ताडकन म्हणाले की ती वही मी बांधली आहे. दहा-अकरा वर्षांपूर्वी त्या कचेरीनं पोत्यात भरून फाटकी रजिस्टरं धाडली होती, त्यातलीच ती. मी बांधलेल्या वहीतून पान आपोआप गळत नाही, कोणीतरी फाडलंय. तुमचं पान मी काढून देतो.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला. तीस दिवस बिलकिसनं घरात वाघ पाळल्यासारखे काढले. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की हे चपला न घालता बाहेर. शेवटी उत्तर आलं: सदर क्रमांकाची नोंद अभिलेखावर आढळून येत नाही. एका ओळीचं उत्तर, खाली दोन इंच सही.

त्या कचेरीत दर सोमवारी तीन ते पाच कोणाही नागरिकाला फायली बघता येतात. कादरभाई पुढच्या सोमवारी अडीचलाच दारात. अभिलेख कक्षात दीपाली नावाच्या लिपिक होत्या. तिशीतल्या, किरकोळ अंगाच्या, मागे छतापर्यंत गठ्ठे. भिंतीवर त्यांनीच लिहिलेली पाटी होती: "फायली कोरड्या हातांनी हाताळाव्यात. डोकं थंड असल्यास उत्तम." कादरभाईंनी पाटी वाचली आणि पहिल्याच वाक्याला आवाज चढवला. पान कोणी फाडलं? दीपालीनं शांतपणे सांगितलं की मी तीन वर्षांपूर्वी इथे आले, मला वही अशीच मिळाली, आणि आपण टेबलावर हात आपटलात तर धूळ आपल्याच चहात पडेल.

कादरभाईंनी वही तपासली. शिलाई शाबूत. फाडल्याची खूण कुठेच नाही. म्हणजे काम सफाईचं, सराईत माणसाचं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. संशय एकदा डोक्यात बसला की पुराव्याची गरज राहत नाही, पुरावा नसणं हाच पुरावा होतो. त्यांनी अपील केलं. त्यात ठणकावून लिहिलं की ही वही मी स्वतः बांधली असून माझ्या हातून गेली तेव्हा तिच्यात एकही पान कमी नव्हतं, सबब अभिलेख कक्षातल्या लिपिक दीपाली यांची चौकशी व्हावी. हे वाक्य त्यांनी बिलकिसला दोनदा वाचून दाखवलं. अपिलाची सुनावणी झाली, आणि कचेरीच्या साहेबांनी दीपालीला कारणे दाखवा नोटीस काढली. त्या दिवशी कादरभाई गल्लीतून छाती काढून चालले. वेणूबाईंनी त्यांना तीन लिंबं दिली.

पान मात्र आलं नाही. आता ऑक्टोबर लागला होता.

पुढच्या सोमवारी ते वेणूबाईंना घेऊन गेले. दीपालीनं वही समोर ठेवली. नोटीस मिळाल्यापासून ती चहाचंही विचारत नव्हती. कादरभाईंनी पुन्हा एकेक पान उलटलं. पाच वाजत आले तशी दीपाली म्हणाली की वेळ संपली. त्यांनी वही मिटायला घेतली, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या अंगावरून त्यांचा अंगठा गेला.

अंगठा थांबला.

पुठ्ठ्याला आतून जो कागद चिकटवतात त्याला अस्तर म्हणतात. पुढच्या पुठ्ठ्याचं अस्तर बदामी कागदाचं होतं, ते नेहमी लावतात तसं. मागचं जाड होतं, पांढरं, वहीच्याच कागदाचं. खिडकीच्या उजेडात वही तिरपी धरली तर त्यात उलट्या बाजूनं एक लाल समासरेघ दिसत होती, आणि रेघेशेजारी निळ्या शाईच्या चार ओळी.

त्यांना सगळं आठवलं. मार्चअखेर. कचेरीला एकतीस तारखेच्या आत काम हवं होतं. बदामी कागद संपला होता. पोत्यात काही सुटी पानं होती, एका बाजूनं कोरी. लिहिलेली बाजू पुठ्ठ्याकडे, कोरी बाजू वर. अस्तर झकास बसलं होतं. पानावर काय आहे ते त्यांनी वाचलं नव्हतं, कारण ते वाचत नसत.

वेणूबाईंनी विचारलं, "सापडलं का?"

"नाही," कादरभाई म्हणाले.

आयुष्यात खोटं ते आधीही बोलले असतील, धंदेवाला माणूस आहे. पण हा एक शब्द बोलून त्यांनी वेणूबाईंकडे बघायचं टाळलं.

बाहेर पडताना साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेबांना हे प्रकरण मिटवायचं होतं. वही तुमच्या हाताळण्यानं खिळखिळी झाली आहे मोमीन, पावती करून देतो, घेऊन जा आणि नीट शिवून आणा, असं ते म्हणाले. कादरभाईंनी "बघतो" म्हटलं आणि जिना उतरले. वाट समोर होती, तीही सरळ. वही दुकानात न्यायची, अस्तर भिजवून पान सोडवायचं, जागच्या जागी शिवायचं आणि सांगायचं की दोन पानं चिकटली होती. वेणूबाईंना ओटा मिळेल. कोणाला काही कळणार नाही.

इतकं सोपं होतं तर पाय का थांबेनात? ते दुकानाकडे न वळता मार्केट यार्डाच्या फाटकापर्यंत चालत गेले, तिथून परत स्वारगेट, आणि पुन्हा फाटक. एका हमालानं विचारलं की काका, काही हरवलंय का. त्यांनी त्याच्यावरच डाफरून घेतलं. लाज वाटत होती, आणि लाज वाटतेय याचाही राग येत होता. पाच महिने ज्याला चोर म्हणून शोधलं तो रोज आरशात दाढी करत होता.

घरी आल्यावर बिलकिसला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. सरळ वाट तिनं ऐकून घेतली आणि विचारलं की त्या पोरीच्या नोटिशीचं काय. कादरभाई म्हणाले, पान मिळालं की ती आपोआप पडेल.

"गिरती नहीं जी," बिलकिस म्हणाली. "फाइल में रहती. तुमने लिख के चढाया ना? अब लिख केच उतारो."

आणि तिनं भाकरी उलटली.

पुढच्या सोमवारी तीन वाजता कादरभाईंनी दीपालीसमोर अर्ज ठेवला. नोंदवहीच्या मागच्या पुठ्ठ्याचं अस्तर पंचांसमक्ष उघडावं. त्याखाली तीनशे एकोणपन्नास ते तीनशे बावन्न क्रमांकाचं पान आहे. ते तिथे मी चिकटवलं. दीपालीनं अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला.

"चूक कबूल करायचा अर्ज या कचेरीत पहिलाच आलाय," ती म्हणाली. "याला फी किती घ्यायची, परिपत्रकात नाही."

साहेब आले, दोन पंच आले, आणि वेणूबाई दाराशी उभ्या. पाण्याची वाटी आणि मऊ फडकं कादरभाईंनी घरून आणलं होतं. कडेनं ओल दिली, थांबले, पुन्हा ओल दिली. हाताला काम माहीत होतं. पान सुटलं. मोरचुदानं ते हिरवट झालं होतं, शाई फुटली होती, पण वाचता येत होतं. तीनशे एक्कावन्न, वेणूबाई बद्रीनाथ ढोले, लिंबू-मिरची, आणि पुढे जांभळा अंगठा.

पंचनामा दीपालीनं लिहिला. "सदर पान अज्ञात व्यक्तीकडून अनवधानाने अस्तरास वापरले गेले." ती हे मोठ्यानं वाचून थांबली, जणू वाट देत होती. ज्यानं तिच्यावर नोटीस काढायला लावली त्याला ती झाकत होती. कादरभाईंना त्या क्षणी तिच्यासमोर उभं राहणं अवघड झालं.

"अज्ञात कशाला?" ते म्हणाले. "नाव घाला. कादर मोमीन. आणि या लिपिकबाईंचा यात काही दोष नाही, तेही."

वेणूबाईंनी पानाला हात लावला नाही. त्या कादरभाईंकडे बघत म्हणाल्या, "मायं नाव तुमच्याच खळीखाली होतं. अन् मी काहून या पोरीच्या नावानं बोटं मोडत होती?" मग दीपालीसमोर जाऊन त्यांनी हात जोडले आणि निघून गेल्या. त्या संध्याकाळी त्यांची पोती दुकानात आली नाहीत. नंतरही तीन आठवडे आली नाहीत. चौथ्या आठवड्यात आली, लिंबं नाहीत.

पुरवणी यादीत वेणूबाईंचं नाव लागलं. ओटा शौचालयाशेजारचा मिळाला, पण मिळाला. दीपालीची नोटीस मागे घेतली गेली. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

पण त्या पानावर चार नावं होती. उरलेल्या तिघांना दीपालीनं पत्रं धाडली. एक हडपसरला सापडला, त्यालाही ओटा मिळाला. दुसऱ्याचं पत्र मुलीनं घेतलं. तिचे वडील दोन महिन्यांपूर्वी वारले होते. जागा मिळेना म्हणून फूटपाथ सोडून वॉचमनकी करत होते, असं तिनं सांगितलं आणि पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली. तिसऱ्याचं पाकीट परत आलं. ते कादरभाईंनी मागून घेतलं आणि दुकानात दाबयंत्राच्या वर खोचून ठेवलं. त्या मार्चमध्ये त्यांनी त्या कचेरीची एकशे चाळीस रजिस्टरं बांधली होती. बदामी कागद कितव्या वहीला संपला, ते त्यांना आठवत नाही.

हल्ली दुकानात काम साचतं. कादरभाई येईल तो कागद आधी वाचतात, वकिलांचे दावे, पोरांचे प्रबंध, सगळं. गिऱ्हाईकं वैतागतात. बिलकिस म्हणते, तुमचे उस्ताद बरोबर होते, आपण उपाशी मरणार.

आणि दर सोमवारी तीनला ते कचेरीत हजर असतात. दीपालीनं दहा वह्या काढून ठेवलेल्या असतात, शेजारी चहा आणि एक खुर्ची.

"किती झाल्या?" ती विचारते.

"एकसष्ट."

"सापडली?"

"दोन पानं. एकावर पाण्याच्या नळजोडाचे अर्ज होते, एकावर कसली तरी हजेरी."

"बसा," ती म्हणते.

कादरभाई बसतात. पाचपर्यंत उठत नाहीत. पुढची वही ओढतात, पालथी करून उघडतात आणि मागच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवतात.