मॅडम माझ्या नातीला वेडावतात

आता मी खरं सांगत होते आणि घरात कोणाचा विश्वास बसत नव्हता, याला काय म्हणायचं? मी म्हटलं, कल्याणची ती स्पीच थेरपीवाली मॅडम आपल्या मनवाला वेडावते. मुलगा म्हणतो, "आई, तुला दूधवाल्याचासुद्धा संशय येतो." येतो. दुधात पाणी मी डोळ्यांनी पाहिलंय.

मनवा माझी नात, सात वर्षांची. तिला ऑटिझम आहे, त्यात बोलताना अडखळते. सगळ्यांना नावाने हाक मारते, आईलासुद्धा 'स्नेहा'. मी तेवढी 'सुमनआजी'. क्लास लावला, तर पोर घरी येऊन मुद्दाम अडखळायची आणि वर हसायची. मग संशय नाही येणार?

एकदा सुनेबरोबर मीच गेले, विठ्ठलवाडीहून रिक्षाने. दार नुसतं लोटलेलं. फटीला डोळा लावला. आत मॅडम म्हणतायत, "म-म-मनवा, ब-ब-बॉल दे."

स्नेहा म्हणाली, "आई, ऐका तरी." कशाला ऐकतेय? घुसलेच आत.

"काय हो, शिकवायला बसलात की पोरीची नक्कल करायला?"

मॅडम शांत. "आजी, मी मुद्दाम अडखळते. अडखळलं तरी काही बिघडत नाही, समोरचा थांबतो, हे तिला कळावं म्हणून. इथे ती बोलते. घरी म्हणे अर्ध्यावर गप्प होते. तिथे कोणीतरी तिचं वाक्य मध्येच पुरं करत असणार."

मी सुनेकडे बघितलं. हिची कायमची घाई, डबा काय, ऑफिस काय. मला आधीपासून वाटतच होतं.

"तिलाच विचारा," मी म्हटलं. "आमची मनवा खोटं बोलत नाही."

मॅडमनी विचारलं, "मनवा, तू बोलताना घरी मध्येच कोण बोलतं?"

हातातला बॉल फिरवत मनवा म्हणाली, "स... स..."

"स्नेहा! बघा, मी म्हटलं नव्हतं?"

मनवाने 'नाही' म्हणून जोरजोरात मान हलवली. मॅडमनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. सून खाली बघत हसू दाबतेय.

आता मी आणि गप्प? पण बसले. तोंडात पदर कोंबून बसले. तुम्हाला सांगते, एवढी मी माझ्या लग्नातसुद्धा गप्प नव्हते.

मनवाने बॉल माझ्या मांडीवर ठेवला, श्वास घेतला आणि अख्खं नाव स्वतः पुरं केलं.

"सु... सु... सुमनआजी."