ताट्यांच्या दुकानाची खरी कमाई

नागपुरात माझं खसच्या ताट्यांचं दुकान. वाळ्याच्या मुळ्या बांबूच्या चौकटीत बांधायच्या. उन्हाळ्यात लोक ती ताटी खिडकीला लावून वरून पाणी मारत. चार महिने हाताला फुरसत नसे, उरलेले आठ महिने तोंडाला.

शिक्षण चौथी. वर्षाखेरी गल्ल्यात पैसे दिसले की नफा, एवढाच माझा हिशेब. आणि पैसे दिसायचे. पानठेलेवाला ओट्याचं भाडं द्यायचा, मागच्या खोलीत मंडपवाल्याच्या कनाती असायच्या, त्याचंही भाडं. एका साली जुनी सायकल विकली. सगळं एकाच गल्ल्यात. मी मोठा धंदेवाला म्हणून छाती काढून फिरायचो.

मग घरोघर कूलर आले. मंडपवाला अख्खं दुकानच भाड्यानं मागू लागला. द्यावं की नाही, हे ठरवायला बायकोनं तिच्या भावाला बोलावलं. तो गिरणीत हिशेबाला होता. आल्या आल्या त्यानं भाडं बाजूला काढलं, सायकल बाजूला काढली.

"काहून गा? पैसा माझाच ना?"

"तुमचाच, भाऊजी. पण ताट्यांनी नाही कमावला. ताट्या विकून किती आले ते सांगा. त्यातून वाळा, बांबू, मजुरी, लाईटबिल काढा. उरन ते धंद्याचं उत्पन्न. वाळ्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज त्याच्याही नंतर."

"मंग किती उरलं?"

"उलटं खिशातून गेलं. तुम्ही पानठेल्याच्या भरवशावर ताट्या विकून राहिले."

व्याजापर्यंत जायची वेळच आली नाही.

"देऊन टाका मंडपवाल्याले," तो म्हणाला. "घरबसल्या भाडं येईन."

बायको तांदूळ निवडत होती. ती थांबली.

"म्हणजे हे दिवसभर घरी बसतीन? सकाळपासून चहा दे, वरणात मीठ कमी, पंखा काहून चालू. तो खर्च कोणत्या खात्यात टाकशीन गा?"

त्याच्या गिरणीत तसं खातं नव्हतं. दुकान वाचलं. मी मात्र चौकात सांगत फिरलो, की हिशेबवाल्याला मी गप्प केलं.

बायको गेली, त्यानंतरचा हा पहिला उन्हाळा. परवा साळा आला, म्हणाला, "आता तरी देऊन टाका, भाऊजी."

हिशेब त्याचाच बरोबर आहे, अजूनही. पण मीठ कमी आहे, हे घरी बसून सांगू कोणाले? चहा माझा मीच करतो, तो भिकार होतो, आणि पिऊन दुकान उघडायला निघतो.