तेलगावच्या मंगलताई

फोन लागला की मंगलताई आधी स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव सांगत, मग विचारत, "आन् तुमी कोन?" शिपायानं उचलला तरी तेच, संपादक साहेबांनी उचलला तरी तेच.

बीडच्या एका दैनिकात मी तेव्हा नवी उपसंपादक होते. गावोगाव एसटीडी बूथ नुकते निघाले होते. तेलगावच्या वार्ताहर मंगलताई घरचं किराणा दुकान सांभाळून बातमी लिहायच्या, पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी बूथवरून विचारायच्या, "कालच्या बातमीत काय कमी पडलं?" बाकीचे वार्ताहर बातमी छापली का, एवढंच विचारत.

"ताई, किती बोलता हो!" मी एकदा म्हटलं.

"पोरी, बोलणाऱ्याचे हुलगे बी इकतात, न बोलणाऱ्याचे गहू बी पडून ऱ्हातात. तुमी मला पाहिलं न्हाई. नाव तरी कानावर पडू द्या की!"

पुढे माजलगाव विभागाच्या प्रतिनिधीची जागा निघाली. ताईंचा जीव त्या जागेत अडकला होता. साहेबांच्या मनात मात्र दुसरेच गृहस्थ होते. ते बातमी क्वचित आणत, पण साहेबांसमोर बसून चहा रोज पीत. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी ताईंना सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "सायबाला दे." मी दिला आणि तिथेच घुटमळले. ताईंचा आवाज रिसीव्हरबाहेर ऐकू येई.

"सायब, माजलगावची जागा मला कावून न्हाई?"

"अहो, तुम्ही इथे कधी दिसतच नाही."

"मी बीडात दिसले, तर हितं काय घडलं ते कोन बगंल? महिनाभर माझ्या आन् त्यांच्या बातम्या शेजारी ठिवा. मंग ठरवा."

साहेबांनी खरंच तसं केलं. महिन्याने जागा ताईंना मिळाली, आणि बातमीवर नावही छापून येऊ लागलं.

मला आनंद आवरेना. त्यांचा फोन आला तेव्हा मी पेढे मागितले. त्या म्हणाल्या, "पेढे दीन. पर तुझं काय? रविवारचं पान तू करतीस ना? त्यावर तुझं नाव कावून न्हाई?"

"कुणी दिलं नाही."

"तू मागितलंस?"

ताई आज नाहीत. मला पुढे जे मिळालं, ते त्यांच्या या प्रश्नामुळे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्या दिवशी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच, कुणी न बोलावता, मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.