पिस्तुलाला लावलेलं कुंकू

वडिलांच्या जुन्या पिस्तुलाचा घोडा अंगठ्यानं मागं ओढल्याशिवाय गोळी सुटायची नाही. वालचंदनगरला कारखान्यात फिटर होतो. रिटायर झाल्यावर ते जुनं पिस्तूल विकून परवान्यावर त्याच घडणीचं, पण डबल अ‍ॅक्शनचं पिस्तूल घेतलं. ह्यात चापच घोडा उचलतो आणि सोडतो. त्यामुळं पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड ओढावा लागतो. पुढच्या गोळ्यांना घोडा आपोआप चढलेला असतो, बोट नुसतं टेकवलं तरी भागतं.

आमची ही त्याला सवत म्हणायची. रविवारी पिंपळीच्या घरी ओसरीवर फडकं पसरून मी ते खोलायला बसलो, की चहा ठेवता ठेवता विचारायची, आज सवतीची वेणीफणी व्हय?

माझी पहिली गोळी कायम खाली जायची. जड चापानं हात हलायचा, दुसरं काय. मी घोड्याच्या स्प्रिंगचा दीड वेढा कापून टाकला आणि चाप लोण्यासारखा झाला. नेमबाजीच्या रेंजवरचा एक जण म्हणाला, बंदुकांच्या कारागिराला दाखवून घ्या. मी त्यालाच झापलं. चाळीस वर्षं पाना धरलेल्या माणसानं स्प्रिंगसाठी दुसऱ्याच्या दारात जायचं का!

पुढं आठ-दहा दिवसांत खंडेनवमी आली. कोयते, पाने, ट्रॅक्टर, मोटारीचा स्टार्टर, सगळं पुसून पुजायचं ही आमची रीत. मी रानातनं आलो तर पाटावर कोयत्याशेजारी पिस्तूल. ओल्या फडक्यानं पुसलेलं, खोबरेल चोळलेलं आणि वर हळदकुंकवाची बोटं. मी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "सवत असली म्हणून काय झालं, सणाला उपाशी ठिऊ व्हय?" त्या दिवशी मीही हसलो आणि वरवर पुसून ते कपाटात ठेवलं.

आठवड्यानं पुण्याच्या रेंजवर आम्हा म्हाताऱ्यांची स्पर्धा होती. पहिलाच चाप ओढला, खट् झालं, गोळी उडाली नाही. दुसऱ्या फेरीला तेच. मला बाजूला बसवलं. इंदापूरपासनं आलेली ओळखीची माणसं माझ्याकडं बघत होती, आणि माझ्या अंगाची नुसती लाही होत होती.

घरी येऊन पिस्तूल खोललं, तर खाचेत तेलात भिजलेलं लाल कुंकू. मग काय, चोर सापडला. निकाल ऐकायला डाळजवरनं तिची बहीण, मेहुणे आले होते. त्यांच्या देखत मी ओरडलो, "अडाणी ती अडाणीच! परत माझ्या वस्तूला हात लावू नको."

ती म्हणाली, "बरं. न्हाय लावत."

आणि तिनं शब्द पाळला. स्वयंपाक, धुणं, सगळं पहिल्यासारखं. पण चष्मा शोधायला लागलो की नुसतं बोट दाखवायची. घराबाहेर पडताना माझ्या सदऱ्याचं वरचं बटण लावायची तिची जन्माची सवय होती, तीही सुटली. मला वाटलं, रुसवा हाय, दिवाळीपर्यंत जाईल. चुकलो एवढं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

उन्हाळ्यात तिचं दुखणं निघालं आणि बारामतीच्या दवाखान्यात ते आवरलं नाही. शेवटच्या आठवड्यात मी खाटेवर वाकलो होतो. बटण उघडं असावं. तिचा हात वर आला, सदऱ्यापर्यंत आला, आणि थांबला. तिनं तो चादरीखाली घेतला. मला कळलं होतं. बाहेर येऊन भिंतीला टेकून रडलो.

ती गेल्यावर तीन महिन्यांनी रेंजवर गेलो. घरात बसवेना म्हणून, बाकी काही नाही. परत खट्. ह्या वेळी मुकाट्यानं पुण्यातल्या म्हाताऱ्या कारागिरापुढं पिस्तूल ठेवलं. त्यानं न उडालेली गोळी उजेडात धरली. बुडाला सुईच्या टोकाएवढाच खड्डा पडला होता. विचारलं, "स्प्रिंग कुणी कापली? घोड्यात जोरच राहिला न्हाय. चापावर उचलला की घाव अर्धाच बसतोय."

मी त्याला कुंकवाचं विचारलं. खाचेतलं कुंकू सांगितलं, तेल सांगितलं. तो हसला. म्हणाला, त्यानं काय होतंय, पुसलं की गेलं.

परवा खंडेनवमीला, सणाला आलेल्या सुनेनं विचारलं, "मामा, पिस्तूल ठिऊ का पुजंला? गेल्या साली आत्याबाईंनी ठेवलं होतं." मी तिला कोयते पुसायला सांगितलं आणि पिस्तूल घेऊन खोलीत बसलो. सगळं सुटं केलं. चष्मा लावून, टाचणी घेऊन एकेक खाच, एकेक भोक कोरून बघितलं. तिच्या बोटाचं कणभर कुंकू कुठं तरी राहिलं असेल म्हणून. पण स्पर्धेवरनं आलो त्या दिवशी रागाच्या भरात मीच ते पेट्रोलनं धुतलं होतं, तीन वेळा, ब्रश घालून.