इंजिनात पडलेल्या अक्षता

माझ्या गाडीत जपानवरून आलेलं इंजिन बसलंय! ओळखीतल्या सगळ्यांना हे सांगून झालंय, पण ते बसायच्या आधी काय घोळ झाला ते कोणालाच नीट सांगितलं नाही. तर ऐका.

गाडी म्हणजे दोन दारांची, दोनच सीटची, जुनी लाल स्पोर्ट्स कार. कल्याणला एका माणसाकडे कव्हरखाली पडून होती. नोकरी लागल्यावर मी ती घेतली. दिसायला एक नंबर, पण इंजिन पार झिजलेलं. पेट्रोलबरोबर ऑइलपण प्यायची. आमच्या किन्हवलीवरून शहापूरला निघाले की मागे निळा धूर, आणि स्टँडवरची पोरं ओरडायची, "रॉकेलवर चालवतेस काय गो ताई?" मी हसायचे, पण आतून जाम लागायचं.

मुरबाडला आमचे एक मिस्त्री आहेत. ते म्हणाले, "बाय, याचे पार्ट आता इथं मिळत नाय. तिकडं जपानात लोक गाड्या लवकर मोडीत काढतात, त्यांची इंजिनं बोटीनं मुंबईत येतात. आपल्या मॉडेलचं, कमी चाललेलं शोधू." शोधायला सहा महिने गेले! तेवढ्यात मी आरटीओची परवानगी काढली. शेवटी एक सापडलं, फक्त चाळीस हजार किलोमीटर चाललेलं. मिस्त्रींनी तेव्हाच बजावलं होतं, "याला जपायचं. दुसरं मिळंल असं धरू नको."

मिस्त्री ते टेम्पोत घालून आमच्या अंगणात आले. इंजिन उतरवून ट्रकच्या जुन्या टायरवर ठेवलं. बरेच दिवस पडून होतं म्हणून मिस्त्रींनी चारही प्लग काढले, त्या भोकांतून आत थोडं थोडं ऑइल सोडायचं होतं. ऑइलचा डबा आणायला ते टेम्पोकडे गेले. मी व्हिडिओ काढत होते.

आणि आई ताट घेऊन बाहेर आली. आमच्याकडे ट्रॅक्टर असो नाहीतर शिलाई मशीन, ओवाळल्याशिवाय कोणी वापरत नाही. तिने हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, निरांजन फिरवलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. चांगली भरलेली मूठ. मी मूर्ख, ते सगळं शूट करत उभी!

"वयनी!" मिस्त्री डबा टाकून धावले. "भोकं उघडी हायेत!"

"मग? देवाचं हाय ते. काय होतंय?"

"देवाचं हाय, पण पिस्टनवर पडलंय!"

मग त्यांनी सांगितलं. एक दाणा जरी व्हॉल्व्हखाली अडकला तरी इंजिन नीट दम धरणार नाही. आणि वरचं हेड खोलावं, तर त्याचं पॅकिंग पुन्हा जपानवरूनच मागवायचं.

"आई, काय केलंस हे!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारची कुत्री भुंकायला लागली. आईने ताट पायरीवर ठेवलं आणि तिथेच बसली.

मिस्त्रींकडे वायरीसारखा बारीक कॅमेरा आहे, तो मोबाइलला लागतो. आत सोडला तर स्क्रीनवर लाल लाल तांदूळ! तारेच्या टोकाला ग्रीस लावून ते दाणा चिकटवायला बघायचे, पण दाणा सटकायचा. मग मी करून बघितलं. माझ्याने तर दाणा आणखीच लांब सरकला.

मागून आवाज आला, "ढोसता काय त्याला? बाजूनं उचलायचं."

आई चष्मा लावून उभी होती. रोज सुपात तांदूळ निवडणारी बाई ती. तार घेतली, खाली बसली. "कॅमेरा हलवू नको गो." एक दाणा आला. मग दुसरा. अशी पहिली दोन भोकं साफ झाली. मिस्त्री नुसते बॅटरी धरून! तिसऱ्या भोकात काहीच नव्हतं, चौथ्यात झेंडूची पाकळी निघाली. ती वाऱ्याने गेली, असं आई अजून म्हणते. व्हिडिओ आहे माझ्याकडे.

मिस्त्रींनी इंजिन हाताने फिरवून पुन्हा पुन्हा कॅमेरा घातला. सगळं साफ. तरी ते म्हणाले, "खरं काय ते चालू केल्यावरच कळंल." बसवायला पुढे चार दिवस लागले. त्या चार दिवसांत आई गाडीच्या जवळपास फिरकली नाही.

शेवटी मीटर लावून चारही सिलिंडरचा दाब बघितला. चारही वेळा काटा एकाच जागी, म्हणजे आत कुठेच दाणा अडकलेला नाही! मी चावी फिरवली. पहिल्यांदा नुसतंच कुरकुरलं. दुसऱ्यांदा चालू झालं, आणि इतकं गुळगुळीत की मिस्त्री बॉनेटवर तळवा ठेवून बघत राहिले. मी उडी मारून आईला ओढतच आणलं.

"मी नाय बसत. पुन्हा काय झालं म्हणजे?"

"तूच वाचवलंस ना? बस."

बसली. सीट एवढी खाली की तिला धक्काच बसला. "अगो बाई, रस्त्यावरच बसले की काय मी!" मुरबाडच्या रस्त्याला लागलो. तिने दाराचा दांडा घट्ट धरला होता. पुढचा रस्ता सरळ, मोकळा. थोड्या वेळाने तिने दांडा सोडला, पदर खोचला आणि म्हणाली, "एवढ्या लांबून आणलंय, तर जरा जोरात घे की!"